मोसंबी फुलली की माश्या कांद्याच्या फुलांच्या गोंड्यांकडे वळतच नाहीत. मधमाशी फूल निवडते तरी कसं?

गोदाकाठ_अंबड

राम राम मंडळी. अंबड तालुक्यात दोन एकरांवर संकरित कांद्याचा बीजोत्पादन प्लॉट आहे. बी धरणाऱ्या मादीच्या चार ओळी, मग पराग देणाऱ्या नराची एक, अशी लागवड. सध्या पंचवीस-तीस टक्के फूल उघडलंय. मेलिफेरा या परदेशी पाळीव मधमाशीच्या सहा पेट्या भाड्याने आणून उत्तरेच्या धुऱ्यावर (बांधावर) एका रांगेत ठेवल्यात. माश्या जागेला रुळाव्यात म्हणून फूल लागायच्या पंधरा दिवस आधीच त्या आणल्या.

पेट्यांच्या तोंडाशी दिवसभर वर्दळ आहे, पण अकरा वाजता प्लॉटमधून फिरलं तर दहा-पंधरा गोंड्यांमागे एखादी माशी दिसते. ज्या येतात त्यांतल्याही बऱ्याच गोंड्यासमोर क्षणभर तरंगतात आणि न बसताच पुढे जातात. पश्चिमेला सहा-सातशे मीटरवर मोसंबीची बाग आंबे बहारात (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यात) आहे. तिच्या अलीकडे, तीनेकशे मीटरवर, धने फुलावर आहेत.

कांदा तोंडाशी असताना माशी एवढ्या लांब का जाते? कोणतं फूल कुठे आहे हे तिला कळतं कसं, आणि त्यात आपल्याला काही करता येतं का? आणखी चार पेट्या आणा, असा एक सल्ला आहे. गुळाचं पाणी फवारा, असा दुसरा.

मधुबन_परभणी

भाऊ, पेट्या वाढवायच्या आधी थोडं थांबा. याच पद्धतीने ठेवलेल्या आणखी चार पेट्याही मोसंबीलाच जातील.

माशी फुलापर्यंत टप्प्याटप्प्याने पोचते आणि दर टप्प्याला वेगळं इंद्रिय कामाला येतं. लांबचा टप्पा पेटीच्या आतच ठरतो. नवा फुलोरा स्वतः हुडकणाऱ्या माश्या थोड्याच असतात. बाकीच्या एकतर कालच्या आठवणीवर निघतात, नाहीतर आत चाललेल्या, फुलाची दिशा आणि अंतर सांगणाऱ्या नाचावरून. हा नाच कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडून दाखवला, १९७३ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. जिला भरपूर आणि गोड मकरंद मिळाला ती माशी जास्त वेळ, जास्त जोमाने नाचते आणि तिच्यामागे जास्त माश्या बाहेर पडतात. मोसंबीच्या एका फुलात कांद्याच्या एका बारक्या फुलापेक्षा कितीतरी पट मकरंद असतो. मग आत कोणाचा नाच जोरात चालणार हे उघड आहे. सहा-सातशे मीटर मेलिफेराला काहीच वाटत नाहीत, दोन-तीन किलोमीटर ती सहज मारते.

वाटेत ती सूर्याचा कोन धरून उडते. ढग आले तर आभाळाच्या निळ्या तुकड्यातल्या ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशावरून सूर्याची जागा काढते. त्यासाठी तिच्या संयुक्त डोळ्याच्या वरच्या कडेला खास पट्टी असते. अंतर ती खालची जमीन डोळ्यांसमोरून किती सरकली त्यावरून मोजते.

फुलोऱ्याच्या जवळ आली की वास पुढे होतो. मधमाशीच्या जनुकांचा आराखडा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वास ओळखणारी ग्राहके १७० च्या आसपास निघाली आणि चवीची फक्त १०. वासाच्या बाबतीत तिची शिकण्याची क्षमता फार मोठी आहे: एखादा वास आणि लगेच गोड थेंब, अशी जोडी दोन-तीनदा जमली की तो वास तिच्या दिवसचे दिवस लक्षात राहतो. आणि हे शिकणं पेटीतही होतं. बाहेरून आलेली माशी आणलेला मकरंद दुसरीच्या तोंडात देते, त्या थेंबाला फुलाचा वास असतोच. घेणारी माशी बाहेर पडायच्या आधीच तो वास शिकलेली असते.

आता तुमच्या शेजाऱ्याच्या मोसंबीबद्दल एक गोष्ट, जी फार कमी लोकांना ठाऊक आहे. लिंबूवर्गीय झाडांच्या मकरंदात कॅफिन असतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कॅफिनसकट साखरपाणी दिलेल्या माश्यांपैकी तो वास २४ तासांनंतरही आठवणाऱ्या माश्या साध्या साखरपाण्यावरच्या माश्यांच्या तिप्पट निघाल्या. म्हणजे मकरंद जास्त, वास तीव्र, वर तो वास डोक्यात पक्का बसवणारा पदार्थही त्यातच. तुमच्या पेट्या पंधरा दिवस आधी आल्या तेव्हा कांद्यात एकही फूल नव्हतं. माश्या रुळल्या खऱ्या, पण मोसंबी आणि धन्याला.

नजरेचं काम सगळ्यात शेवटी. माशीच्या डोळ्यात पाच हजारांहून जास्त भिंगं असतात, तरी तिला बारकावे आपल्याइतके दिसत नाहीत. प्रयोगांवरून हिशेब केला तर सहा सेंटिमीटरचा गोंडा तिला साधारण सत्तर सेंटिमीटरवरून ‘काहीतरी आहे’ इतपत कळतो, आणि त्याचा रंग कळायला ती पंचवीसेक सेंटिमीटरपर्यंत यावी लागते. सलग फुललेला पट्टा मात्र लांबून दिसतो. तिला अतिनील, निळा आणि हिरवा असे तीन मूळ रंग दिसतात, लाल वेगळा ओळखू येत नाही. आपल्याला पांढरी दिसणारी बहुतेक फुलं अतिनील किरण शोषून घेतात, म्हणून माशीला ती निळसर-हिरवी दिसतात आणि पानांच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतात. रंगाच्या बाबतीत कांद्यात काहीच कमी नाही.

कमी आहे ती चवीत. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम फार असतं, इतर फुलांच्या कितीतरी पट. माशीला ते आवडत नाही आणि कांदा नावडता असण्याचं हे मोठं कारण असावं, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९७२ मध्येच मांडलं. दुसरं असं, की कांद्याचं फूल उघडं असतं, मकरंद पुंकेसरांच्या बुडाशी उघड्यावर राहतो. कोरडा वारा सुटला की त्यातलं पाणी उडतं आणि तो इतका दाट होतो की माशीला सोंडेने ओढायला जड जातं. फेब्रुवारीत दुपारी आपल्याकडे नेमकी हीच हवा. प्लॉटला पाण्याचा ताण असेल तर आणखी बिघडतं. फुलोऱ्यात ठिबक थोडं थोडं पण नेमाने चालू ठेवा.

तरंगून निघून जाणाऱ्या माश्यांचं कारण बहुधा वेगळं. फूल रिकामं करून गेलेली माशी त्यावर पायांच्या वासाची खूण ठेवून जाते, ती थोडा वेळ टिकते. मागून आलेली माशी ती हुंगते आणि वेळ वाया न घालवता पुढे जाते. अशा माश्या कांद्यावर काम करणाऱ्याच आहेत, त्यांना नाराज समजू नका. ज्या गोंड्याजवळ मुळीच येत नाहीत त्यांची काळजी करा.

एक पुरवणी. उडताना माशीच्या अंगावर धन विद्युतभार जमतो, फुलावर थोडा ऋण असतो, त्यामुळे पराग तिच्या केसांकडे ओढला जातो. भुंग्यासारख्या बंबलबीला फुलाभोवतीचं हे विद्युतक्षेत्र जाणवतं, असं ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. शेतकऱ्याच्या हातात यातलं काही नाही, पण माहीत असावं.

फुलोरी

वरचं सगळं पटलं. पण माश्या मोसंबीलाच जातात हा अजून अंदाज आहे, आधी खात्री करा. त्याला अर्धा तास लागतो.

पहिली तपासणी पेटीच्या तोंडाशी. मागच्या पायावर परागाच्या गोळ्या घेऊन येणाऱ्या माश्यांच्या गोळ्यांचा रंग पाहा. तुमच्या नर ओळीतल्या फुटलेल्या परागकोशावर बोट घासा, धन्याच्या फुलावर दुसरं बोट घासा, दोन्ही काळ्या कागदावर टेकवा आणि गोळ्यांशी ताडून पाहा. मग पेटी उघडून मधली चौकट आडवी धरा आणि हलकेच झटका द्या. जो पातळ मकरंद टपकतो तो त्याच दिवसाचा. त्याला मोसंबीच्या फुलाचा वास असेल तर लगेच कळतो. कांद्याचा ताजा मकरंद नाकाला उग्र लागतो, पिकल्यावर तो वास जातो.

दुसरी तपासणी नाचाची. फेब्रुवारीच्या सुरुवातीला जालना भागात सूर्य दुपारी १२:४० च्या सुमारास बरोबर दक्षिणेला असतो, बाराला नाही. त्या वेळी पेटी उघडा आणि तोंडाजवळची, पिलाव्याची (अंडी-अळ्यांची) चौकट उभीच्या उभी बाहेर काढा. डोक्यावर छत्री किंवा जाड कापड धरा. माशीला आभाळ दिसलं तर ती त्याच्या हिशेबाने नाचायला लागते आणि तुमचं वाचन चुकतं. नाचणारी माशी सरळ रेषेत पोट डोलावत थोडी चालते, मग अर्धा वळसा घेऊन परत तिथेच येते, पुन्हा डोलावत चालते, मग उलट्या बाजूने वळसा. डोलावत चालते ती रेघ बघायची. चौकटीवर सरळ वर म्हणजे सूर्याच्या दिशेला. १२:४० ला सूर्य दक्षिणेला, तुमची मोसंबी पश्चिमेला, म्हणजे तुमच्या उजव्या हाताला आडवी रेघ दिसली तर ती पश्चिमेची खबर. डोलावण्याचा वेळ घड्याळावर मोजा: मेलिफेरात ढोबळमानाने एक सेकंद म्हणजे एक किलोमीटर. मोसंबीसाठी पाऊण सेकंदाच्या आसपास यावा, धन्यासाठी त्याच्या अर्ध्याच्या जवळ. आणि फूल पेटीपासून पन्नास-शंभर मीटरच्या आत असेल तर माशी दिशा सांगत बसत नाही, नुसती गोल गोल फिरते. तुमचा कांदा पेटीला लागूनच आहे, म्हणजे गोल नाच हा कांद्याचा. दहा मिनिटं बसून आडवे किती आणि गोल किती मोजलं तर उत्तर समोर येतं.

सातेरी या देशी माशीच्या पेटीवर हे करायचं असेल तर सेकंदाचा हिशेब बदलतो, ती कमी अंतरासाठी जास्त वेळ डोलते.

आणखी एक. धुऱ्यावरच्या बोरी-बाभळीत किंवा कडुनिंबाच्या खालच्या फांदीला फुलोरी या लहान रानमाशीचं पोळं आहे का पाहा, हाताच्या पंजाएवढं, एकच पान असलेलं. ही माशी आणि आग्या, दोन्ही कांद्यावर चांगलं काम करतात, बऱ्याचदा मेलिफेरापेक्षा जास्त. फुलोरी पोळ्याच्या माथ्यावर, फांदीभोवतीच्या सपाट भागावर उघड्यात नाचते आणि तिची रेघ थेट फुलाच्या दिशेला रोखलेली असते. तिथे कोनाचं गणित करावं लागत नाही. असं पोळं बीजोत्पादनाच्या दिवसांत कोणाला तोडू देऊ नका.

बीजोत्पादक_जालना

मूळ चूक वेळेची, हे मधुबन यांनी सांगितलंच. त्याचा व्यवहार असा.

कांद्यात पेट्या आणायच्या त्या गोंड्यांमधली दहा टक्के फुलं उघडल्यावर. आधी नाही. नव्या जागी सोडलेली माशी पहिल्यांदा पेटीसमोर तोंड करून हवेत मागेपुढे होत जागा पाठ करते, मग जवळचा परिसर धुंडाळते. समोर फुललेलं शेत असेल तर पहिल्या फेऱ्या तिथेच होतात. लांबचा चांगला फुलोरा पेटीला सापडायला आणि नाचातून पसरायला दोन-चार दिवस जातात. ते दोन-चार दिवस हीच आपली कमाई.

म्हणून एकरी तीन ते चार पेट्या लागत असतील तर सगळ्या एकदम आणायच्या नाहीत. अर्ध्या दहा टक्के फुलावर, उरलेल्या चाळीस-पन्नास टक्क्यांवर. पेट्या आठ चौकटी माश्यांनी भरलेल्या असाव्यात. चार चौकटींच्या दोन पेट्या मिळून आठ चौकटींच्या एका पेटीचं काम करत नाहीत, कमजोर वसाहतीत बहुतेक माश्या पिलाव्यालाच गुंतलेल्या असतात.

आता तुमच्यापुढचा मार्ग. सहापैकी निदान चार पेट्या बदलून घ्या. मालकाला सांगा, पाच किलोमीटरहून लांबच्या गावातल्या पेट्या हव्यात, आणि त्या मोसंबी किंवा धन्यावर बसलेल्या नकोत. ज्वारीच्या किंवा करडईच्या पट्ट्यातल्या चालतील. रात्री तोंड जाळीने बंद करून आणायच्या, उजाडायच्या आत जागेवर ठेवायच्या, उजाडल्यावर उघडायच्या. पाच किलोमीटरच्या आतून आणल्या तर बऱ्याच माश्या जुन्या जागेवर परत जातात.

सगळ्या एका धुऱ्यावर नको. दोन एकराला दोन ठिकाणं करा: एक दक्षिणेच्या कडेला, एक मधल्या वाटेवर. तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला, म्हणजे कोवळं ऊन आधी लागतं आणि माश्या लवकर निघतात. जानेवारी-फेब्रुवारीत सकाळचा पारा दहा-बारा अंशांवर असतो तोवर मेलिफेरा हलत नाही. पायाखाली पाण्याच्या वाट्या मुंग्यांसाठी, आणि जवळच खडे टाकलेलं उथळ पाणी.

संकरित प्लॉटमध्ये एक वेगळी गोष्ट आहे, ती साध्या वाणात नसते. मादी ओळ नरवंध्य असते, तिच्यात पराग नाहीच. पराग गोळा करणारी माशी नराच्या ओळीवरच राबते, मादीकडे फिरकत नाही. बी धरतं ते मकरंदासाठी दोन्हींकडे जाणाऱ्या माशीमुळे. गोंड्यावर दोघी ओळखता येतात: परागवाली वरवर भराभर चालते, पायांनी परागकोश खरवडते, मागच्या पायावर गोळी असते. मकरंदवाली डोकं पुंकेसरांच्या बुडात घालते, एका फुलावर जरा थांबते, पायावर गोळी नसते किंवा बारीक असते. तुमची मोजणी मादीच्या ओळीत करा. नर ओळीत माश्या दिसतात म्हणून समाधान मानू नका. शिवाय माशी एका ओळीत सरळ पुढे जाणं पसंत करते, ओळी ओलांडत नाही. त्यामुळे नराला लागून असलेल्या मादी ओळीत बी जास्त, मधल्या दोन ओळींत कमी, हे दरवर्षी दिसतं.

गोदाकाठ_अंबड

नाच पाहिला. १२:४० ला आडवे उजवीकडचे नाचच जास्त आहेत, गोल फारच थोडे. पेट्या बदलण्याचं बोलणं चालू केलंय. ज्या दोन पेट्या राहतील त्यांच्या माश्यांना कांद्याचा वास शिकवता येईल का? आणि गुळाच्या पाण्याचं काय?

मधुबन_परभणी

गुळाचं पाणी फवारलं की माश्या येतात, पण ओल्या पानावर आणि दांड्यावर, फुलाच्या बुडाशी नाही. थेंब वाळला की जातात. मुंग्या मागे राहतात, गोंड्यावर बुरशीला निमित्त मिळतं. माझं मत स्पष्ट नाही असं आहे.

वास शिकवता येतो. फॉन फ्रिश यांच्या काळापासून लोक हे करत आले आहेत. अलीकडे, २०२० मध्ये, अर्जेंटिनात सूर्यफुलाच्या वासासारखा कृत्रिम वास घातलेला पाक पेट्यांत दिला, तेव्हा त्या शेतांचं उत्पादन २९ ते ५७ टक्के जास्त आलं. कांद्याचा मकरंद सूर्यफुलाइतका चांगला नाही, म्हणून तेवढी अपेक्षा धरू नका.

पद्धत अशी. एक किलो साखर एक लिटर गरम पाण्यात विरघळवा. पाक पूर्ण गार होऊ द्या. गरम पाकात फुलं टाकली तर वास उडून जातो आणि सगळी मेहनत वाया जाते. त्याच दिवशी उघडलेली फुलं गोंड्यातून चिमटीने खुडा, हिरवे देठ आणि दांडा अजिबात नको, कारण हिरव्याचा वास फुलाचा नसतो. पाकाच्या चौथ्या हिश्श्याइतकी फुलं टाका, झाकण लावून चार ते सहा तास सावलीत ठेवा. सुती फडक्यातून गाळा. कांदा चिरून त्याचा रस टाकायची कल्पना कोणाच्या तरी डोक्यात येईलच. तसं करू नका: चिरलेल्या कांद्याचा तिखट वास पेशी फुटल्यावर तयार होतो, फुलाला तो वास नाही. माशी भलताच वास शिकेल.

हा पाक पेटीच्या आतल्या फीडरमध्ये, पहाटे, माश्या बाहेर पडायच्या आधी द्या. वास ताजा असताना शिकून त्या लगेच बाहेर पडाव्यात. उरलेला पाक दुसऱ्या दिवशी वापरू नका, आंबतो. पेटीबाहेर थेंब सांडला तर लूट सुरू होते, शेजारच्या पेटीतल्या माश्या घुसतात. चार-पाच दिवस रोज दिला तर पुरे.

बीजोत्पादक_जालना

मधुबन यांची पद्धत बरोबर, पण संकरित प्लॉटला दोन दुरुस्त्या हव्यात.

प्रमाण फार कमी ठेवा, पेटीला शंभर मिलीच्या आसपास. पेटीत साखर आयती मिळायला लागली की मकरंद आणणाऱ्या बऱ्याच माश्या परागाकडे वळतात. साध्या वाणात ते फायद्याचं, संकरितात तोट्याचं, कारण त्या माश्या नर ओळीतच अडकतात. पाक वास शिकवण्यापुरता, खायला घालण्यासाठी नाही. पराग सापळा (पेटीच्या तोंडाशी माशीच्या पायावरच्या गोळ्या गाळून घेणारी जाळी) लावलेला असेल तर तोही काढा, त्यानेही पराग आणणाऱ्या माश्या वाढतात.

दुसरं, फुलं दोन्ही ओळींची घ्या, मादीची जास्त. नर आणि मादी ओळी वेगळ्या वाणांच्या असतात, त्यांचा वास आणि मकरंद सारखा नसतो आणि माशीला तो फरक कळतो. फक्त नराची फुलं भिजवली तर माशीला नर ओळच शिकवल्यासारखं होईल.

मधुबन_परभणी

दुसरी दुरुस्ती एकदम मान्य. पहिलीत शंभर मिली पटतं, पण वसाहतीकडे साठा मुळीच नसेल तर आधी दोन दिवस पोटभर पाक देऊन मग वासाचा सुरू करावा. 

काळीमाती_बीड

फुलकिड्यांचं (रस शोषणाऱ्या बारक्या किडीचं) कोणी बोललंच नाही. कांदा बीजोत्पादनात सगळा खेळ तिथे बिघडतो. गोंडे फुटायच्या आधी फुलकिडे आवरून घ्या, एकदा फूल उघडलं की फवारणी शक्य तितकी टाळा. कॅलिफोर्नियातल्या संकरित कांदा बीजोत्पादनावर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जास्त फवारलेल्या शेतांत माश्यांच्या भेटी कमी होत्या, आणि वर स्त्रीकेसरावर परागाची वाढही नीट झाली नाही. म्हणजे माशी आली तरी बी धरत नाही.

थायामेथोक्झाम, इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल या कीटकनाशकांना फुलोऱ्यात हात लावू नका. माशी लगेच मरत नाही म्हणून लोकांना ते सुरक्षित वाटतं. फ्रान्समध्ये २०१२ च्या प्रयोगात थायामेथोक्झामचा मारक नसलेला डोस दिलेल्या माश्यांपैकी बऱ्याच पेटीकडे परतल्याच नाहीत. शेतात मेलेली माशी सापडत नाही, पेटी मात्र रिकामी होत जाते. फारच गरज पडली तर सूर्यास्तानंतर, माश्या आत गेल्यावर फवारा, आणि पेटीवाल्याला आदल्या दिवशी कळवा.

आणि निळे चिकट सापळे काढून टाका. फुलकिड्यांना निळा आवडतो तसा मधमाशीलाही आवडतो. फुलोऱ्यात लावलेल्या निळ्या पट्ट्यावर माश्या चिकटतात. सापळे फूल उघडायच्या आधीपर्यंत ठीक.

लातूरकर

मध्येच विचारतो. पेट्यांना लाल रंग दिलाय. माशीला लाल दिसत नाही म्हणतात, मग पेट्या सापडतील का? आणि डाळिंबाच्या लाल फुलावर माश्या येतात त्या कशा?

फुलोरी

लाल तिला काळपट दिसतो, एवढंच. पेटी सापडते, कारण जागा, आजूबाजूच्या खुणा आणि पेटीचा वास तिला पाठ असतो. पण एका रांगेत सगळ्याच लाल असतील तर शेजारच्या पेटीत घुसणाऱ्या माश्या वाढतात. निळा, पिवळा, पांढरा असे आळीपाळीने रंग द्या, निदान तोंडावरच्या पट्टीला. डाळिंबाच्या फुलात लालीत थोडी नारिंगी झाक असते आणि आत पिवळे परागकोश दाटीने असतात. माशी बहुतेक त्यासाठीच येते.

गोदाकाठ_अंबड

पेटीवाला चार बदलून द्यायला तयार झालाय, परवा रात्री येतील, ज्वारीच्या पट्ट्यातून. राहिलेल्या दोन धुऱ्यावरून उचलून प्लॉटच्या मध्ये नेल्या तर चालेल का?

बीजोत्पादक_जालना

नेऊ नका. शंभर-दीडशे मीटर हलवल्या तर बाहेर गेलेल्या माश्या जुन्या जागेवर येऊन घिरट्या घालत राहतील, त्यातल्या बऱ्याच वाया जातील. हलवायच्याच असतील तर रोज तीन फुटांहून जास्त नको, आणि तेवढे दिवस तुमच्या हातात नाहीत. त्या दोन आहेत तिथेच राहू द्या, वासाचा पाक त्यांनाच द्या. नव्या चार पेट्यांना पहिले तीन-चार दिवस काहीही देऊ नका, त्यांना समोरचा कांदा आपोआप शिकू द्या.

नव्या पेट्या उघडल्यावर तिसऱ्या दिवशी अकरा वाजता मादी ओळीतले शंभर गोंडे चालत पाहा आणि बसलेल्या माश्या मोजा. त्याच जागी पाचव्या आणि सातव्या दिवशीही, त्याच वेळेला, कारण माशी फुलाची वेळही लक्षात ठेवते आणि दोन वेगळ्या वेळांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. पाचव्यापेक्षा सातव्या दिवशी आकडा निम्म्यावर आला तर समजा मोसंबी नव्या पेट्यांनाही सापडली. मग उरलेल्या फुलासाठी आणखी दोन ताज्या पेट्या मागवायच्या. मोसंबीच्या पाकळ्या गळायला लागल्या असतील तर थांबा, तो बहार संपला की माश्या स्वतःहून दुसरं शोधतात, तेव्हा तुमच्याकडे निम्मे गोंडे उघडे असले पाहिजेत. त्यासाठी ठिबक बंद पडू देऊ नका.